एक्स्चेंजबाईंचं फाटक

शेवगावला भाड्याची खोली बघायला मी गेले, फाटक ढकललं आणि आत पाऊल टाकते न टाकते तोच एका स्टीलच्या घागरीने मला सांगितलं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. पुण्याकडे जाणारी गाडी अर्धा तास उशिराने सुटणार आहे. चालकांनी तोपर्यंत चहा घ्यावा."

मी मागे वळून पाहिलं. मागे बोळ होता, एक शेळी होती, गाडी कुठेच नव्हती. फाटकाशेजारच्या भिंतीवर घागर आडवी टांगलेली होती आणि तिच्या तोंडाशी काच तडकलेला एक मोबाईल बसवलेला होता. आवाज इतका स्वच्छ आणि गोड, की मी क्षणभर बसायला बाकडं शोधलं. तेवढ्यात घरातून दुसरा आवाज आला.

"कोन हाय? चपला भाईरच काढ! आत आनल्या तर पाय तोडीन!"

हे दोन्ही आवाज एकाच बाईचे आहेत, हे कळायला मला बरेच दिवस लागले. एक आवाज तारेवरचा आणि एक घरातला. तारेवरच्या आवाजात 'न्हाई' नव्हतं, 'हाय' नव्हतं, श्वास घेतल्याचासुद्धा आवाज नव्हता. घरातल्या आवाजात बाकी सगळं होतं.

बाई गावच्या टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होत्या. परगावी बोलायचं तर आधी कॉल बुक करून वाट बघत बसायचं, त्या काळातली गोष्ट. अख्खं गाव त्यांच्या आवाजाने ओळखत होतं आणि चेहरा फार थोड्यांनी पाहिला होता. पुढे ते तारा जोडायचे बोर्ड गेले, ती खोली गेली, त्यांची नोकरीही संपली, पण गावाच्या तोंडात त्या 'एक्स्चेंजबाई'च राहिल्या. भाजीवालीसुद्धा "एक्स्चेंजबाई, मेथी घ्या की" म्हणायची.

माझी कृषी सहायक म्हणून तिथे नेमणूक झाली होती. खोली मला पसंत पडली म्हणण्यापेक्षा मी त्यांना पसंत पडले. "शेतीखात्यात हाय? कुठली?" त्यांनी विचारलं. मी पुणतांब्याची, म्हटलं. "म्हंजी गोदावरीकाठची. तुमी पान्यात लोळलेली मानसं. हितं पान्याला मान द्यावा लागतो. ऱ्हा." त्या दिवसापासून माझं नाव संपलं आणि मी त्यांच्या लेखी 'शेतीखातं' झाले. "ए शेतीखातं, दूध आलंय गं!" अशी हाक मारली की गल्लीतली पोरं हसायची. मला सुरुवातीला राग यायचा. आता तशी हाक मारणारं कुणी भेटलं तर मी धावत जाईन.

त्यांच्या घरात जुने मोबाईल किती होते ते मी कधी मोजलं नाही. जिथे तिथे होते. कुणाची काच फुटलेली, कुणाचं चार्जिंगचं भोक ढिलं, कुणाचं बटण गेलेलं. लोकांनी नवे घेतल्यावर ड्रॉवरमध्ये टाकून दिलेले. बाई त्यांना 'रिटायर मंडळी' म्हणत.

"रिटायर झालं म्हंजी मेलं व्हय?" त्या मला म्हणाल्या होत्या. "डोळा हाय, कान हाय, तोंड हाय. ड्यूटी करायला आनि काय लागतं? उलट आता त्यांना कुनाचे फालतू फोन घ्यावे लागत न्हाईत. मन लावून काम करत्यात."

प्रत्येकाला ड्यूटी ठरलेली. एक नळापाशी प्लॅस्टिकच्या डब्यात बसलेला असे. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसायचा, म्हणून बाई चावी उघडीच ठेवत. पाणी यायच्या आधी नळ फसफसतो. तो आवाज ऐकला की डब्यातला मोबाईल बाईंच्या हातातल्या मोबाईलला रिंग द्यायचा, आणि बाई दारात उभ्या राहून तारेवरच्या आवाजात अख्ख्या गल्लीला कळवायच्या. पहिल्यांदा हसलेल्या बायका पुढे हंडे घासून तयार ठेवायला लागल्या.

दुसरा गच्चीवर. कुरडया, पापड, सांडगे वाळत घातले की त्याच्यासमोर काही हललं रे हललं, की तो बाईंच्या घरातल्या आवाजात ओरडायचा, "हाड! हाड मेल्या! उतर खाली!" कावळे घाबरले, माकडं घाबरली. एकदा बाईंचे व्याही आले होते. जेवण झाल्यावर शतपावली करायला बिचारे गच्चीवर गेले. खाली आले ते पांढरे पडून. बाई लाजल्या नाहीत. "कुरडईला हात लावला आसंल तुमी," म्हणाल्या. व्याह्यांनी खरंच लावला होता. ते गृहस्थ पुढे प्रत्येक लग्नात ही गोष्ट स्वतःच रंगवून सांगत.

मोबाईलला आठवड्याची सुट्टी असे. ज्याची सुट्टी असेल तो बंद करून देवळीत ठेवायचा. सारखं चार्जिंगला लावून ठेवलं की जुन्या मोबाईलची बॅटरी फुगते हे त्यांना एका मोबाईलने फुगून शिकवलं होतं. फुगलेल्या मोबाईलला त्या 'सस्पेंड' म्हणत आणि तो घराबाहेर वाळूच्या डब्यात ठेवत. खंडेनवमीला आमच्याकडे नांगर पुजतात, कारखान्यात यंत्रं पुजतात. बाईंच्या ओसरीवर रिटायर मंडळी एका ओळीत मांडलेली असायची आणि प्रत्येकाच्या डोक्यावर झेंडूचं एक फूल. बाई हात जोडून म्हणायच्या, "ऱ्हावा बाबांनो वर्षभर जागे."

हे मोबाईल यायचे कुठून? तर संक्रांतीच्या हळदीकुंकवातून. जगात सगळीकडे घरची बाई वाण लुटते. कुणी चमचे देतं, कुणी डबे. बाईंकडे उलटा कारभार. येणारीने घरात पडलेला जुना मोबाईल आणायचा आणि बाईंनी तिला तिळगूळ आणि एक रोप द्यायचं. अट एकच. "आदी तुझं समदं पुसून आन. फोटू, मेसेज, समदं. मला कुनाचं काई बगायचं न्हाई." आणि कुणी न पुसता आणलाच, तर तो न उघडता तिच्याच हाताने पुसून घेत. एक्स्चेंजमध्ये त्यांच्या साहेबांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं म्हणे, जोडून द्यायचं आणि कानावरचा हेडफोन काढून ठेवायचा. गावातली सगळी लग्नं, सगळी भांडणं, सगळ्या मरणाच्या बातम्या त्या बाईच्या हातातून गेल्या होत्या, पण त्यातली एकही तिच्या तोंडून बाहेर पडली नाही.

एकदा शेजारच्या आळीतला एक प्रतिष्ठित माणूस आला. समोरच्या घरी दुपारी कोण येतं-जातं ते तुमच्या फाटकावरच्या मोबाईलात दिसत असेल, जरा दाखवा, म्हणाला. बाईंनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, "माझा मोबाईल माझ्या उंबऱ्यापुरता हाय. तुमाला दुसऱ्याचा उंबरा बगायचा आसंल तर तुमचा डोळा वापरा. दोन हायेत की." माणूस पाणी न पिताच गेला.

एवढं सगळं वाचून कुणालाही वाटेल, की बाईंना चोरांची भीती होती किंवा हा हौसेचा खेळ होता. मलाही तसंच वाटलं होतं. घागरीतून गाडीची घोषणा का होते, हे कोडं मात्र मला सुटत नव्हतं. विचारायचं धाडस झालं नाही. मग एका सकाळी मी ओसरीवर स्कूटरची किल्ली शोधत होते आणि आतून अण्णा आले.

अण्णा म्हणजे बाईंचे यजमान. एसटीचे ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. त्या सकाळी त्यांनी खाकी शर्ट घातला होता, बटणं एक सोडून एक लागलेली. माझ्याकडे बघून हसले, अगदी शहाण्या माणसासारखे. "येतो. पुण्याची गाडी लावायची हाय," म्हणाले आणि ताठ चालत फाटकाकडे निघाले.

ते फाटकाजवळ पोचले आणि घागर बोलली. गाडी अर्धा तास उशिराने. चालकांनी चहा घ्यावा. अण्णा थांबले. मनगटावर नसलेल्या घड्याळात बघितलं. "च्यायला, आज बी लेट," असं पुटपुटत परत आले आणि ओसरीवरच्या वेताच्या खुर्चीत बसले. खुर्ची करकरली. बाई चहा घेऊन आल्या. जणू काही झालंच नाही अशा आल्या, कारण त्यांच्या मते खरंच काही झालं नव्हतं.

अण्णांची आठवण जात चालली होती. आधी नावं गेली, मग वर्षं गेली. लेकीचं नाव गेलं. राहिली ती फक्त ड्यूटी. दिवसातून कितीदा तरी ते गाडी लावायला निघत. सुरुवातीला बाईंनी सगळ्यांसारखंच केलं. अहो, तुम्ही रिटायर झालात, आता गाडी नाही, असं सांगितलं. त्यावर अण्णांचा चेहरा पडायचा. मला कुणी काढलं, माझं काय चुकलं, असं विचारत बसायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, पुन्हा नव्याने तेवढंच दुःख.

"रोज सकाळी उठून मानसाला नोकरीवरून काडायचं," बाई मला भाजी निवडताना म्हणाल्या, "ह्ये पाप हाय गं. एकदा काडलं त्ये सरकारनं काडलं. मी कशाला रोज काडू?"

मग त्यांनी गाडीला उशीर झालाय असं सांगून बघितलं. एसटीच्या ड्रायव्हरला उशीर समजावून सांगावा लागत नाही. पण बायकोच्या तोंडून ऐकलं की अण्णा म्हणत, तुला काय कळतंय डेपोतलं. तेच स्टँडच्या भोंग्यातून आलं असतं तर त्यांनी मानलं असतं. बाईंनी बाजारातल्या मोबाईलवाल्याकडून शिकून घेतलं, समोर काही हललं की मोबाईलला बोलायला लावायचं कसं ते. आवाज बारीक पडला तर मोबाईल घागरीत ठेवला. घागरीत आवाज असा घुमला की हुबेहूब स्टँड. पहिल्याच दिवशी अण्णा माघारी फिरले आणि खुर्चीत बसले.

अण्णा बाईंनाही नावाने ओळखेनासे झाले होते. पण 'एक्स्चेंज' म्हणून हाक मारत. "एक्स्चेंज, चहा!" ते कधी विसरले नाहीत. त्याचंही कारण होतं. तरुणपणी हा ड्रायव्हर टेलिफोन ऑफिसात येऊन आपल्या गावाला कॉल बुक करायचा आणि कॉल लागेपर्यंत खिडकीसमोरच्या बाकावर बसून राहायचा. त्याच्या गावात फोनच नव्हता. बाईंना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, तरी त्या दर वेळी गंभीरपणे सांगत, "लाईन व्यस्त आहे, कृपया वाट पाहावी." हे मला सांगताना बाई हसल्या नाहीत, पण कान लाल झाले.

बाईंची लेक पुण्यात. माणूस सोन्यासारखं, पण वडिलांच्या काळजीने अर्धी झालेली. ती आली की तिचं एकच म्हणणं. "आई, तुझं वय काय, तू जपणार किती? पुण्यात चांगली जागा बघितली आहे. तिथे सतत माणसं असतात, डॉक्टर असतात. आणि ते नको असेल तर निदान फाटकाला कुलूप लाव. एक दिवस ते रस्त्यावर जातील आणि..." पुढचं तिला बोलवायचं नाही.

बाईंचं उत्तर ठरलेलं. "कुलूप पेटीला असतं. मानसाला न्हाई. ज्यानं जन्मभर गाड्या नेल्या त्याला कोंडून ठिऊ? त्यो हितंच ऱ्हाईल, आनि फाटक उगडं ऱ्हाईल."

लेकीचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. मला स्वतःला कधीकधी वाटे, लाव बाई कुलूप, उगाच जिवाला घोर.

त्या उन्हाळ्यात लेक आली ती येताना कुलूप घेऊनच आली. मोठं, पितळी. बाजारचा दिवस होता. आम्ही तिघी आत जेवत होतो, अण्णा ओसरीवर होते. लेक कुलपाचा विषय काढत होती, बाई तो भाकरीबरोबर गिळत होत्या. बाहेर घागर बोलली. सवयीने आमचं कुणाचंच लक्ष गेलं नाही. बाईंचा हात मात्र ताटातच थांबला.

"खुर्ची वाजली न्हाई," त्या म्हणाल्या.

आम्ही ओसरीवर धावलो. खुर्ची रिकामी. फाटक सताड उघडं. भिंतीवरच्या खिळ्याला अण्णांचा मोठा पाना असायचा, तोही नव्हता.

आता यातली चूक काय झाली ते सांगते, कारण ती चूक फक्त एक्स्चेंजबाईच करू शकत होत्या. त्या घोषणा बदलून बदलून लावत. कधी वाहक हजर नाही, कधी पुलावर पाणी. पण अण्णा डोक्याने इतकेही गेलेले नव्हते. दोन-तीन दिवसांपासून ते कुरकुरत होते, "भर उन्हाळ्यात पुलावर पानी?" म्हणून बाईंनी आदल्या दिवशी नवी घोषणा भरली. तांत्रिक बिघाडामुळे पुण्याकडे जाणारी गाडी स्थानकात उभी आहे, चालकांनी तोपर्यंत चहा घ्यावा. बाई जन्मभर तारेवर बसलेल्या. लाईन बंद पडली की ऑपरेटरने शांत बसायचं असतं, दुरुस्तीवाले वेगळे असतात. पण गाडी बंद पडली असताना चहा पीत बसणारा ड्रायव्हर अण्णांच्या काळात नव्हता. त्यांनी पाना घेतला आणि निघाले.

लेक रडत बोळात धावली. मी स्कूटर काढली. बाई धावल्या नाहीत. अण्णांच्याच खुर्चीत बसल्या, पदर खोचला आणि हातातला मोबाईल कानाला लावला.

रिटायर मंडळींतले काही बाईंनी गल्लीत बदलीवर पाठवले होते. एक शिंप्याच्या दुकानात, एक पिठाच्या गिरणीत, एक चहाच्या टपरीवर, एक स्टँडवरच्या कंट्रोलरच्या टेबलावर. ते फक्त बाईंचा फोन उचलायचे, दुसरं काही नाही. लोकांनी म्हाताऱ्या बाईचा हट्ट म्हणून ठेवून घेतले होते. आता बाईंनी सगळे एकाच कॉलवर घेतले, आणि त्यांच्या तोंडून तो तारेवरचा आवाज आला. थरथर नाही, घाई नाही.

"एक्स्चेंज बोलत आहे. अण्णा दिसले का?"

"आत्ताच गेले बाई," शिंपी म्हणाला. "हातात पाना हाय. मी रामराम केला तर म्हनले टाईम न्हाई."

"ठीक आहे. गिरणी?"

"स्टँडकडं वळले बगा."

"ठीक आहे. टपरी, रस्ता ओलांडताना फक्त गाड्या थांबवा. त्यांना हात लावू नका." मग मोबाईल बाजूला करून माझ्याकडे बघितलं आणि घरातल्या आवाजात म्हणाल्या, "शेतीखातं, लेकीला पाठीमागं घे आनि स्टँडवर जा. वडू नका त्यांना. नुसतं जवळ उभ्या ऱ्हावा."

बाजारच्या दिवशीचं स्टँड म्हणजे विचारू नका. पाट्या, पोती, कोंबड्या, पोरं. त्या गर्दीत एका पुणे गाडीच्या नाकासमोर अण्णा उभे होते. गाडी चांगली चालती होती, सुटायच्या बेतात होती. ड्रायव्हर नवा पोरगा. अण्णा त्याला बॉनेट उघड म्हणत होते आणि तो गोंधळून खाली उतरला होता. गाडीतले लोक ओरडत होते, "ओ आजोबा, व्हा बाजूला!" एका माणसाने त्यांचा दंड धरला. अण्णांनी पाना वर उचलला. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. घाबरले होते अण्णा. जन्मभर ज्या जागेचे मालक होते तिथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं.

"अण्णा," लेक पुढे झाली, "अण्णा, घरी चला ना."

अण्णांनी तिच्याकडे बघितलं आणि आवाज एकदम मऊ केला. "ताई, तुमी गाडीत बसून घ्या. उनाच्या उभ्या ऱ्हाऊ नका. काम झालं की सुटंल गाडी."

लेकीने तोंडावर पदर घेतला. तेवढ्यात डोक्यावरचा भोंगा खरखरला.

"चालकांनी कृपया लक्ष द्यावे."

कंट्रोलरने टेबलावरचा मोबाईल उचलून माइकसमोर धरला होता, हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळलं, की सगळ्या स्टँडवर बाईंचा आवाज पसरला आणि ओरडणारी माणसं ओरडायची थांबली. जुनी माणसं तर माना वर करून ऐकायला लागली. एका म्हातारीने शेजारणीला विचारलं, "आगं, ही एक्स्चेंजची का गं?"

"पुण्याकडे जाणाऱ्या गाडीचा बिघाड दूर झाला आहे. आपण तत्परतेने हजर झालात, आभारी आहोत. गाडी बदली चालकाकडे सोपवावी आणि आपण विश्रांतीसाठी क्वार्टरवर यावे. चहा तयार आहे."

अण्णांनी पाना खाली केला. शर्ट सारखा केला. मग त्या पोराच्या हातात पाना देत म्हणाले, "ह्यो ठेव. लागतो वाटंत. आनि घाटात घाई करू नको."

त्या पोराला कुणी काही सांगितलं नव्हतं. पण त्याने पाना दोन्ही हातांनी घेतला आणि म्हणाला, "व्हय, अण्णा." मी नोकरीत पुष्कळ सत्कार पाहिले, हारतुरे पाहिले. त्या पोराने पाना घेतला तसा मान कुणी कुणाला दिलेला मी पाहिलेला नाही.

अण्णा लेकीकडे वळले. "चला ताई. तुमाला बी तिकडंच जायचं का?" आणि तिच्या बरोबरीने चालत घरी आले.

घरी आल्यावर बाई चहाचा कप घेऊन फाटकातच उभ्या होत्या. अण्णा खुर्चीत बसले. खुर्ची करकरली. मग त्या आत गेल्या, लेकीच्या पिशवीतून ते पितळी कुलूप काढून आणलं आणि तिच्या पुढ्यात ठेवलं.

"चूक माजी झाली," बाई म्हणाल्या. "डायवरला बंद पडलेली गाडी सांगायची नसती. मला कळायला पायजे हुतं. लाव तू कुलूप."

लेकीने कुलूप हातात घेतलं. मग म्हणाली, "तू ती बिघाडाची घोषणा आधी काढून टाक. दुसरं काहीतरी सांग त्यांना." आणि जरा वेळाने, नाक पुसत, "माझा एक जुना मोबाईल पुण्याला कपाटात पडलाय. पाठवून देते."

"समदं पुसून पाठव," बाई म्हणाल्या.

ते कुलूप पुढे कुरडयांवरचं फडकं उडू नये म्हणून गच्चीवर वजनाला लागलं. त्या घरात आलेल्या प्रत्येक वस्तूला ड्यूटी लागायची, त्यालाही लागली. पुण्याच्या त्या जागेचा विषय पुन्हा निघाला नाही. शिंपी, गिरणीवाला, टपरीवाला आपापला मोबाईल आता पुसून, चार्ज करून ठेवायला लागले. कंट्रोलरने तर आपल्या मोबाईलला कापडी झबलं शिवून घेतलं.

माझी बदली झाली तरी मी शेवगावला जात राहिले. आता माझ्या स्वतःच्या घरी गॅसजवळ एक तडकलेला मोबाईल आहे, कुकरच्या शिट्ट्या ऐकतो आणि मला हाक मारतो. पाहुणे हसतात. मी त्यांना ताठ मानेने सांगते, मी एक्स्चेंजबाईंची भाडेकरू होते. कुणी मोठमोठ्या विद्यापीठांची नावं सांगतात तशी सांगते.

अण्णा गेले ते थंडीच्या दिवसांत, सकाळी, त्याच वेताच्या खुर्चीत, हातात चहाचा कप असताना. निरोप आला तशी मी निघाले. बाईंचं अंगण माणसांनी भरलं होतं. जुने ड्रायव्हर आले होते, काही खाकी घालून आले होते. तो पाना घेतलेला पोरगाही आला होता. मडकं धरायला लेक पुढे झाली आणि त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. चौघांनी खांदा दिला. बाई ओसरीवर खुर्चीची पाठ धरून उभ्या होत्या. रडत नव्हत्या.

लेक पुढे, मागे खांदेकरी, असे सगळे फाटकाशी आले आणि घागर बोलली.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. पुण्याकडे जाणारी गाडी अर्धा तास उशिराने सुटणार आहे. चालकांनी तोपर्यंत चहा घ्यावा."

माणसं येत होती तेव्हाही तो मोबाईल बोलतच असणार, पण त्या गडबडीत कुणी ऐकलं नव्हतं आणि बंद करायचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. लेक जागच्या जागी थांबली. खांदेकरी थांबले. ते सगळे एसटीचे, घोषणा झाली की थांबायची पायांना सवय. काय करावं कुणाला कळेना. एका भल्या माणसाने पुढे होऊन घागरीत हात घातला.

"हात लावू नका त्याला," बाई ओरडल्या. "ड्यूटीवर हाय त्यो."

त्या पायऱ्या उतरल्या. माणसांनी वाट दिली. अण्णांच्या शेजारून चालत त्या घागरीपाशी गेल्या, पदर सावरला आणि तिच्या तोंडाशी वाकल्या. मला हुंदका आवरत नव्हता, आणि खरं सांगते, त्याच वेळी फार अभिमानही वाटत होता. घागरीतून आवाज घुमला. स्वच्छ, गोड, तारेवरचा.

"चालकांनी कृपया लक्ष द्यावे. उशिराबद्दल दिलगीर आहोत. आपली गाडी आता सुटत आहे."

मग त्या सरळ उभ्या राहिल्या, लेकीच्या पाठीवर हात ठेवला आणि खांदेकऱ्यांना आपल्या घरातल्या आवाजात म्हणाल्या, "चला आता, थांबू नका. फाटक उगडंच हाय."